पहिल्या मानाची फियाट

१ ऑक्टोबर १९९८, गुरुवार. दसरा.

देवळात सोनं वाटलं. पहिलं पान परबांचं, म्हणजे माझं. दुसरं सावंतांचं, पण सावंत तीन पिढ्या मुंबईला. त्यांचं पान गुरव ताटातच ठेवतो. तिसरं शिवदास गडेकरचं. पोर्तुगीज गेले, युनियन टेरिटरी झाली, राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, पण आमच्या आंबेखोलच्या सातेरीपुढचा हा क्रम हलला नाही. जत्रेला देवीपुढे पहिला नारळ परबांचाच. डिचोलीच्या ऑफिसात बाबुराव परब म्हणजे नुसता हेडक्लार्क. तिथल्या लोकांना काय कळणार.

संध्याकाळी डिचोलीला क्वार्टरवर परत. धारगळच्या सरळ रस्त्यावर मागून हॉर्न. लाल झेन, कोरी करकरीत. उजवीकडून आली, माझ्या बरोबरीला आली, काच आपोआप खाली गेली आणि आत शिवदास. हात वर केला, हसला आणि पुढे निघून गेला.

तिसऱ्या मानाने पहिल्या मानाला मागे टाकलं. तेही दसऱ्याला.

शेजारी बसलेली आमची ही, चंद्रावती, म्हणाली, शिवदासाने गाडी बरी घेतली, रंग शोभतो. मला राग आलेला नाही. नुसती नोंद करून ठेवतोय.

३ ऑक्टोबर, शनिवार

शिवदासाचा विचार केला नाही. चहा पिताना केला नाही. आंघोळीच्या वेळी थोडा केला.

हा माणूस शाळेत माझ्या दोन यत्ता मागे. गोव्याचा नकाशा काढताना याने उत्तरेची तेरेखोल नदी पार दक्षिणेला काणकोणात काढली होती. आता हरमलला गोऱ्यांना खोल्या देतो. चार खोल्या होत्या, त्यांच्या नऊ झाल्या. वर नारळाच्या झावळ्या, खाली सिमेंट, आणि गोऱ्यांना वाटतं आपण निसर्गात राहतो. यालाच हल्ली धंदा म्हणतात.

गाडीत एसी आहे म्हणे. गोव्यात एसी कशाला? काच खाली केली की वारा येतो. माझ्या फियाटची मागची डावी काच व्यवस्थित खाली होते.

४ ऑक्टोबर, रविवार

संकल्प. मान देवळात पाळायचा आणि रस्त्यावर सोडायचा, हे चालणार नाही. यापुढे माझ्या मागचा मान माझ्या पुढे जाणार नाही.

बाकीच्या वाहनांचा शांतपणे विचार केला. कदंबची बस पुढे गेली तर हरकत नाही. ती सरकारची आणि मीही सरकारचा, तेव्हा घरातलीच गोष्ट. खनिजाचे ट्रक देवस्थानाच्या बाहेरचे. गोरे बुलेटवरून जातात, पण त्यांना आमच्याकडे मान नाही, म्हणून त्यांच्याकडून अपमानही होत नाही. गुरवाची लुना गेली तर देवीच गेली असं समजून नमस्कार करायचा.

राहता राहिला शिवदास.

१० ऑक्टोबर, शनिवार

गावी येताना अस्नोड्याच्या बाजारात एक पोदेर सायकलवर पावांची पाटी घेऊन पों पों करत आमच्या पुढे गेला. चंद्रावती म्हणाली, बघा. मी तिला समजावलं की त्याचे पाव थंड होतात, त्याला घाई असते. आपल्याकडे थंड होण्यासारखं काही नाही. यावर ती तोंड फिरवून बाहेर बघत बसली. तिचे खांदे हलत होते. खड्डे फार झालेत त्या रस्त्याला.

११ ऑक्टोबर, रविवार

कपाटात वाहतुकीच्या नियमांचं जुनं पुस्तक सापडलं. लायसनच्या वेळी घेतलं होतं. पानं न फाडलेली, एकमेकांना चिकटलेली. वाचायला घेतलं आणि डोळे उघडले.

वळणावर ओलांडू नये. चढावर ओलांडू नये. पुलावर, अरुंद जागी, पुढचं दिसत नसताना ओलांडू नये. आता आमच्या पेडणे तालुक्यात वळण, चढ, पूल आणि अरुंद जागा वगळून हायवे उरतो किती? धारगळचा तुकडा. म्हणजे कायद्याने पेडण्यात ओलांडणं जवळजवळ बंदच आहे, आणि ही गोष्ट इतक्या वर्षांत एकाच्याही लक्षात आलेली नाही.

मी फियाट घेतली त्या दिवसापासून आजपर्यंत चालत्या गाडीच्या पुढे कधी गेलेलो नाही. नियम माहीत नसताना पाळला. याला संस्कार म्हणतात.

पुढे असंही लिहिलंय की मागचा आपल्याला ओलांडत असेल तर आपण वेग वाढवू नये, त्याला वाट द्यावी. हे बहुधा बरोबरीच्या माणसांसाठी असावं.

२४ ऑक्टोबर, शनिवार

कोलवाळच्या पुलापासून एका ट्रकच्या मागे. ट्रक चिऱ्यांचा, भरलेला, चालला होता कासवाच्या पावलाने. त्याच्या क्लीनरने डाव्या बाजूने हात काढून पुढे जा, पुढे जा केलं. धारगळचा सरळ रस्ता आला. समोर कुणी नाही. चंद्रावती म्हणाली, आता जा. मी ट्रकच्या पाठीवर बघितलं. मोठ्या अक्षरांत ‘श्री सातेरी प्रसन्न’.

गेलो नाही.

कारण साधं आहे, पण विचार करणाऱ्यालाच सुचेल. प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो. ट्रक ओलांडायचा तर उजवीकडून जावं लागतं, म्हणजे देवी डाव्या हाताला येते. ही उलटी प्रदक्षिणा झाली. पहिल्या मानकऱ्याने भर हायवेवर देवीला उलटी प्रदक्षिणा घालायची? गोव्यात देवाचं नाव नसलेला ट्रक मी तरी पाहिलेला नाही. तेव्हा कायदा राहू दे, धर्माच्याही दृष्टीने विषय संपला.

चंद्रावतीला हे समजावलं. तिने विचारलं, क्रॉस असलेल्या ट्रकचं काय. मी म्हटलं, सर्वधर्मसमभाव.

१ नोव्हेंबर, रविवार

धारगळला टपरीवर चहाला थांबलो तर शिवदास तिथे. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मला भाई म्हणाला, हिला वयनी म्हणाला. म्हापशाच्या बेकरीतून केक घेऊन चालला होता, त्यातला अर्धा कागदात बांधून हिला दिला. जत्रेची चौकशी केली. फियाटभोवती एक चक्कर मारून म्हणाला, भाई, अशी गाडी आता मिळायची नाही.

यात टोमणा होता का ते मी घरी येईपर्यंत शोधत होतो. सापडला नाही. हा माणूस वाईट बोलत नाही हीच त्याची अडचण आहे. वाईट बोलला असता तर माझं पुष्कळ काम सोपं झालं असतं.

केक ताजा होता. त्याचाही राग आला.

७ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.

जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलोय. आनंदाने.

धारगळच्या सरळ रस्त्यावर आरशात लाल ठिपका दिसला. शिवदास. उजवा इंडिकेटर लावून बाहेर आला. मी फियाटचा ॲक्सिलरेटर पायाखाली पूर्ण दाबला. गाडीतून असे आवाज आले की मी ते आजवर ऐकले नव्हते. आरसा खाली वळला, गिअरचा दांडा नाचू लागला, चंद्रावतीने माझा दंड धरला. पण फियाट पुढेच राहिली. समोरून बस आली आणि शिवदास निमूटपणे माझ्या मागे गेला. बसवाल्याने जाता जाता मला काहीतरी म्हटलं. शुभेच्छा असाव्यात.

पुढे पोलीस. वेग मोजायचं नवं मशीन तिकाटण्यावर उभं केलेलं. हवालदाराने आम्हा दोघांना बाजूला घेतलं. मी मनात म्हटलं, सापडला शिवदास. हवालदार आधी त्याच्याकडे गेला, मशीनमध्ये बघितलं, त्याला जायला सांगितलं. मग माझ्याकडे आला.

माझा वेग मर्यादेच्या पुष्कळ वर. शिवाय मागचा ओलांडत असताना वेग वाढवला, समोरून बस दिसत असताना, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मी त्याला देवस्थानाचा क्रम समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि दंडाची पावती फाडली.

शिवदास गेला नव्हता. तिथेच थांबून हवालदाराला सांगत होता की भाई असे नव्हेत, कधी वेगाने जात नाहीत, आज काहीतरी झालं असेल. माझी रदबदली करायला शिवदास. पावती डोळे मिटून घेतली.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. परब घराण्यात आजपर्यंत एवढ्या वेगाने कुणी गेलेलं नाही.

रात्र. चंद्रावतीने जेवताना एकच वाक्य उच्चारलं. बसवाल्याच्या डोळ्यांतली बाहुली मला दिसली, म्हणाली. भात कमी जेवली.

१५ नोव्हेंबर, रविवार

देवस्थान समितीची बैठक. मोठा विजय.

जत्रा १२ डिसेंबरला. देवीचं माहेर धारगळला. तिथून साडी आणि नारळ घेऊन आम्ही मानकरी वाजतगाजत आंबेखोलला येतो. पूर्वी चालत यायचे, आता गाड्यांनी. बाराच्या आत पोचायचं, मग पहिला मानकरी देवीपुढे नारळ ठेवतो आणि पालखी उठते. पहिला वेळेत हजर नसेल तर जो पुढचा हजर असेल तो ठेवतो. असं कधी झालेलं नाही. झालं तर सावंत मुंबईला, म्हणजे नारळ सरळ शिवदासाच्या हातात. नुसतं लिहितानाच पेन घसरलं.

मी ठराव मांडला की धारगळ ते देऊळ या वाटेवर गाड्यांनीही मानाप्रमाणेच चालावं. पहिल्या मानाची गाडी पहिली, कुणीही तिला ओलांडू नये. अध्यक्ष शंभू शेटकर म्हणाले, एका दिवसाची गोष्ट, होऊ दे. गुरवाने मान हलवली. सर्वांत आधी हात कुणी वर केला? शिवदासाने. म्हणाला, भाईंचं बरोबर आहे, पुढे कुणीतरी एक असलेला बरा.

ठराव माझा, पण टाळी त्याच्या वाक्याला पडली.

१६ नोव्हेंबर, सोमवार

चंद्रावतीची एक शंका. वाटेत ट्रक लागला तर? पहिली गाडी थांबली की मागे सगळी जत्रा थांबणार. मी हसलो. म्हटलं, ट्रक लागला तर ओलांडू. ती माझ्याकडे बघत राहिली. बायकांना पुढचं फार दिसतं.

२२ नोव्हेंबर, रविवार

सराव सुरू. आज डिचोलीच्या बस स्टँडमागे एक रोड रोलर ओलांडला. आरसा, इंडिकेटर, हॉर्न, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडे. सगळं पुस्तकाप्रमाणे. हे मला जमणार नाही असं कुणाला वाटत असेल तर त्याने यावं आणि बघावं.

रोलर उभा होता. पण तो मुद्दा नाही.

२८ नोव्हेंबर, शनिवार

आज चालतं वाहन. बैलगाडी नाही, चांगली रिक्षा. साखळीच्या रस्त्यावर तिच्या मागे लागलो. उजवा इंडिकेटर लावला. बाहेर आलो. पुढे मोकळा रस्ता, पण त्याच्या टोकाला एक वळण, आणि वळणाच्या पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. काहीतरी असणार असं वाटलं. पुन्हा आत आलो. असं चार वेळा. शेवटी रिक्षावाला थांबला, उतरला आणि माझ्यापाशी येऊन विचारलं, पत्ता हवा आहे का.

इंडिकेटर लावून ठेवल्यामुळे बॅटरी उतरली असावी. उद्या दाखवायची.

५ डिसेंबर, शनिवार

शिवदासाने झेनला जत्रेसाठी झेंडूच्या माळा सांगितल्या म्हणे, थेट फोंड्याहून. मी फियाटसाठी सांगितल्या पेडण्याच्या बाजारात. आकाराने मोठ्या. चार माळा जास्त. त्यामुळे समोरच्या काचेतून थोडं कमी दिसेल, पण वाट पाठ आहे.

आता मला त्याचा हेवा वाटत नाही. रस्त्यात तो माझ्या मागे असणार, सगळा गाव बघणार. एसी असलेल्या गाडीत बसून त्याला माझा धूर बघावा लागणार. हे मी द्वेषाने लिहीत नाहीये. फक्त पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतं.

११ डिसेंबर, शुक्रवार

फियाट धुतली. धोतर, उपरणं इस्त्रीला. चंद्रावतीला सांगितलं की उद्या तू पुढे माझ्या शेजारी बस, साडी आणि नारळ मांडीवर घे, आणि वाटेत काही बोलू नकोस. ती म्हणाली, बरं. एवढ्या चटकन बरं म्हणाली की बरं वाटलं नाही.

१२ डिसेंबर, शनिवार. सकाळ.

जत्रा. निघतोय. आज शिवदास मागे.

१२ डिसेंबर, रात्र

सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते आपोआप दिसेल.

धारगळहून वेळेत निघालो. पुढे मी, मागे झेन, मागे शंभू शेटकरांची जीप, मागे ढोलताशाचा टेम्पो, मागे गावाच्या मोटारसायकली, शेवटी गुरवाची लुना. धारगळचा सरळ रस्ता मी सावकाश घेतला, म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना क्रम नीट दिसेल. आयुष्यात एवढा आनंद मला थोड्याच वेळा झालाय. आरशात लाल झेन, आरशाएवढी लहान.

मालप्याची वळणं सुरू झाली आणि पुढे ट्रक. चिऱ्यांचा. भरलेला. पाठीवर ‘श्री सातेरी प्रसन्न’.

मी त्याच्या मागे राहिलो. वळणावर ओलांडायचं नसतं, हे मी सांगायला नको. वळण संपलं, मोकळा तुकडा आला. ट्रकवाल्याने हात काढून पुढे जा केलं. मी जाणार होतो. माळांमुळे नीट दिसत नव्हतं. तुकडा संपला. पुढचं वळण, पुन्हा मोकळा तुकडा, पुन्हा हात. या वेळी जाणार होतोच, पण एक मोटारसायकल समोरून येताना दिसली. लांब होती, पण होती. मागे टेम्पोतले ढोल वाजायचे थांबले होते. त्याच्याही मागे बस, टँकर, सगळे हॉर्न देत होते. झेनने एकदाही हॉर्न दिला नाही.

चंद्रावती ठरल्याप्रमाणे काही बोलत नव्हती. ते जास्त ऐकू येत होतं.

मग एका रुंद जागी ट्रकवाल्याने ट्रक डावीकडे घेतला आणि उभा केला. मीही त्याच्या मागे फियाट उभी केली.

पुस्तकात असंच आहे. पुढचं वाहन थांबलं की अंतर ठेवून थांबावं. ट्रकवाला आणि क्लीनर खाली उतरले, आमच्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि टपरीवर चहाला गेले. मी इंजिन चालू ठेवून त्यांची वाट बघत होतो.

तेव्हा चंद्रावती बोलली.

“आमकां वाट दिवंक रावला तो. आतां तरी वचा फुडें.”

मी म्हटलं, जातो. पाय क्लचवरच राहिला. ट्रकच्या पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. तिथून काहीही आलं असतं. लोकांना हे कळत कसं नाही? पलीकडचं दिसत नसताना माणसं जातात तरी कशी?

तिने साडी आणि नारळ उचलला, दार उघडलं आणि मागे झेनकडे गेली. मी आरशात बघितलं. शिवदास उतरून हात जोडून उभा. त्याचं बोलणं ऐकू आलं, भाईंना विचारल्याशिवाय मी पुढे कसा जाऊ, ठराव झालाय. तो स्वतः माझ्या ठरावाला चिकटून उभा होता, आणि मी त्याला त्याबद्दल शाबासकीही देऊ शकलो नाही.

“मान नारळाक आसा, शिवदास, गाडयेक ना. चल.”

झेनमध्ये पुढच्या सीटवर बसली. शिवदास माझ्या खिडकीपाशी आला. भाई, तुम्हीही चला, म्हणाला, फियाट इथे राहू दे, मागून आणू. मी विचार केला. तिसऱ्या मानाच्या गाडीत पहिला मान मागच्या सीटवर बसला, तर देवळाशी आधी पोचतं कोण? पुढची सीट. मी नको म्हटलं.

त्याने आरसा पाहिला, इंडिकेटर लावला, लहानसा हॉर्न दिला आणि मला व ट्रकला एकाच वेळी ओलांडून गेला. मग जीप गेली. शंभू शेटकरांनी दुसरीकडे बघितलं. टेम्पो गेला, ढोल पुन्हा सुरू झाले. मोटारसायकली. बस. टँकर. सगळे गेल्यावर गुरवाची लुना गेली. नमस्कार केला.

चहा पिऊन ट्रकवाला आला. विचारलं, साहेब, गाडी बंद पडली का? मी हो म्हटलं. तो निघाला, त्याच्या मागे मी.

पोचलो तेव्हा प्रसादाची पंगत उठत होती.

१३ डिसेंबर, रविवार

नारळ कुणी ठेवला हे मी कालपासून कुणालाही विचारलं नाही. आज गुरवाने आपण होऊन सांगितलं.

बारा वाजत आले होते. शंभू शेटकर म्हणाले, परब नाहीत, सावंत नाहीत, शिवदास, नारळ तू ठेव. शिवदासाने हात मागे घेतले. म्हणाला, परबांच्या घराचा नारळ परबांच्या घराने ठेवायचा, वयनी उभ्या आहेत ना. भाईंनीच त्यांना पुढे पाठवलंय, मी फक्त गाडी चालवली. गुरवाने देवीकडे बघितलं आणि म्हटलं, मान घराचा असतो, माणसाचा नव्हे. चंद्रावतीने नारळ ठेवला. गावातल्या बायका पुढे सरकून बघत होत्या. पालखी वेळेत उठली.

म्हणजे मान घरातच राहिला. शिवदासाला मिळाला नाही. मला आनंद व्हायला हवा. सकाळपासून वाट बघतोय.

भाईंनीच पाठवलं म्हणे. माझी अब्रू राखायची होती तर ती मीच राखली असती. तेवढंही त्याने माझ्यासाठी ठेवलं नाही.

१९ डिसेंबर, शनिवार

गावात जो भेटतो तो हिची चौकशी करतो. वयनीने बरं केलं, वयनी घाबरली नाही, पुढल्या वर्षीही वयनीच येऊ दे. एक म्हातारी म्हणाली, परब देवीपुढच्या गाऱ्हाण्यापूर्वी जे भाषण करतात ते नसल्यामुळे यंदा पाय दुखले नाहीत.

चंद्रावती ऐकून घेते, हसते, पदर सारखा करते. त्या हसण्यात काय आहे ते बघत होतो. गर्व नाही. तो असता तर मला एक विषय मिळाला असता.

२ जानेवारी १९९९, शनिवार

चंद्रावतीने डिचोलीच्या ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. मला विचारलं नाही, सांगितलं. मी पुस्तक तिच्या हाती दिलं आणि म्हटलं, आधी हे पाठ कर, गाडी मागाहून. तिने वाचून परत केलं. सोपं आहे म्हणाली.

संकल्प. तिला मी शांतपणे, अनुभवाने मार्गदर्शन करीन.

१३ फेब्रुवारी, शनिवार

लायसन मिळालं. पहिल्याच परीक्षेत. मला तिसऱ्या परीक्षेत मिळालं होतं, पण तेव्हा इन्स्पेक्टर कडक होते.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज गावाहून परत येताना गाडी तिने चालवली. मी शेजारी. सूचना द्यायच्या म्हणून मी दोन्ही हात मोकळे ठेवले होते.

मालपं गेलं. धारगळच्या आधी ट्रक लागला. चिऱ्यांचा, भरलेला. त्याच्या पाठीवर देवीचं नाव होतं, मी तिला ते दाखवलं. तिने ट्रकपासून थोडं अंतर ठेवलं. वळण होतं तोवर मागेच राहिली, घाई केली नाही. रस्ता सरळ झाला. तिने आरशात बघितलं, मान वळवून बघितलं, इंडिकेटर लावला, हॉर्न दिला. मी म्हणणार होतो की पलीकडचं दिसत नाही. पण गाडी उजवीकडे सरकली आणि पलीकडचं दिसू लागलं. रस्ता होता. काजूची झाडं होती. दुसरं काही नव्हतं. ट्रकचं मागचं चाक आलं, पुढचं चाक आलं, ड्रायव्हरचा कोपर आला, मग ट्रक आरशात गेला आणि आम्ही पुन्हा आपल्या बाजूला.

तिने इंडिकेटर बंद केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं.

“इतलेंच?”

मागून लाल झेन आली, हॉर्न दिला, शिवदासाने हात वर केला आणि पुढे गेला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी चंद्रावतीकडे बघत होतो आणि आतून जळत होतो.